महाराजांनी घातलेली वेणी

या वेळचं पत्र गंगाखेड तालुक्यातल्या एका अक्कांचं आहे. गावाचं नाव नका छापू म्हणाल्यात म्हणून नाही छापत. त्या बोलत गेल्या अन् नातीनं लिहून घेतलं. पत्र मोठं आहे, थोडं कमी करून देते:

"ताई, आमचे मालक जाऊन नऊ महिने झाले. दिवसा किराणा दुकान अन् रात्री कीर्तन, असं चाळीस वर्षं केलं त्यांनी. गिऱ्हाईक सुद्धा म्हणायचं, महाराज पावशेर साखर द्या. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. थोरला संभाजीनगरला कंपनीत आहे, तो म्हणतो मोठं करायचं, नावाजलेले कीर्तनकार आणायचे, फ्लेक्स लावायचे, पुस्तिका छापायची. मजकूर त्यानंच लिहून आणलाय, थोर समाजप्रबोधनकार, अध्यात्माचा महामेरू, असं. नातीनं वाचून दाखवलं तर मला त्यात मालक कुठं दिसेनात.

सहा वर्षाखाली मला लकवा मारला. उजवा हात अजून नीट उचलत नाही. तवापासून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी माझी वेणी मालक घालायचे. पहिल्या पहिल्यांदा वाकडी यायची. रिबीन सापडली नाही की पुडीचा दोरा बांधायचे. लांबच्या तारखा घेणं त्यांनी सोडून दिलं, रात्री कीर्तन करून घरी येता येईल तेवढ्याच गावच्या घ्यायचे. हे पुस्तिकेत लिही म्हणलं तर थोरला म्हणतो, आई हे घरातलं झालं, महाराजांना शोभत नाही, लोक हसतील. खरंच शोभत नाही का?

वहीत एक लाख ऐंशी हजाराची उधारी आहे. थोरला म्हणतो बाबांच्या नावानं स्टेजवरून माफ करू. धाकटा, जो दुकान बघतो, तो गप्प बसतो, पण त्याची बायको म्हणती माल काय आभाळातून येतो का. मी रात्री गल्ल्यापाशी जाऊन बसते थोडा वेळ, तर म्हणती लोक नावं ठेवतेत. अन् कार्यक्रमात मला चार शब्द बोला म्हणायलेत. मी चौथी शिकलेली. काय बोलू?"

अक्का, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं अन् तिन्ही वेळेला त्या पुडीच्या दोऱ्यापाशी येऊन थांबले. माणूस दुकानदार आहे, हाताला सवय आहे झटक्यात गाठ मारून दोरा तोडायची, अन् तोच हात बायकोच्या वेणीला तोच दोरा बांधतो, यात तुमचे मालक सगळेच्या सगळे आलेत, दुकानदार बी आला, नवरा बी आला, अन् मी तर म्हणेन कीर्तनकार बी आला. महामेरू वगैरे शब्द कुणाच्याही फ्लेक्सवर चालतात, फोटो बदलला की झालं. पुडीचा दोरा दुसऱ्या कुणाच्या पुस्तिकेत बसणार नाही.

थोरल्याला काय म्हणायचं ते सांगते. तुमचं गाव गंगाखेडाजवळ, म्हणजे जनाबाईच्या माहेरातलं. जनाबाईच्या अभंगात ती तुळशीच्या बनात वेणी उकलते अन् देव हातात लोणी घेऊन तिच्या डोक्याला चोळतो. तिचं दळण दळतो, तिला पाणी शेंदू लागतो. तुमच्या मालकांनी हे अभंग कीर्तनात किती वेळा सांगितले असतील, अन् ऐकताना बायाबापड्यांनी पदर डोळ्याला लावला असंल. मग देवानं वेणीफणी केली तर अभंग होतो अन् महाराजांनी केली तर शोभत नाही, हे कसं? थोरल्याला एवढंच विचारा, रागवू नका. त्याचं वाईट नाही ओ. बाप मोठा होता हे जगाला कळावं असं त्याला वाटायलंय, कंपनीतले मित्र येणार, पाहुणे येणार, फक्त मोठेपण कुठं होतं ते त्याच्या ध्यानात आलेलं नाही. तो संभाजीनगरला होता, सकाळची वेणी त्यानं किती वेळा बघितली असणार?

अन् तारखांचं. कीर्तनकाराच्या घरी तारीख म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगू, चैत्रापासून सप्ते सुरू झाले की एकेका महाराजाची डायरी भरलेली असती, लांबच्या मोठ्या सप्त्यात काल्याचं, म्हणजे शेवटच्या दिवसाचं, कीर्तन मिळावं म्हणून लोक वर्ष वर्ष वाट बघतात. तुमच्या मालकांनी ते सोडलं अन् नऊ ते अकरा कीर्तन करून, रात्रीच्या अंधारात गाडीवरून घरी आले, कारण सकाळी वेणी घालायची होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नसणार. तुम्ही नाही सांगितलं तर ते तुमच्याबरोबर जाईल.

माझं एक सांगते, मग पुढचं. माझे वडील टेलर होते, परभणीकडंच. ते गेले तेव्हा आम्ही बी मोठं केलं, मंडप, फ्लेक्स, पाचशे पान जेवलं. मापाची वही मात्र दुकान रिकामं करताना रद्दीत गेली. तिच्यात अख्ख्या गल्लीची मापं होती, कुणाच्या लग्नाचा कोट, कुणाच्या शाळेचा गणवेश, वडलांच्या अक्षरात. अन् त्यांचा आवाज कुठंच नाही, एका लग्नाच्या कॅसेटमधी "जेवून घ्या" एवढं दोन शब्द ऐकू येतात, बास. भाषणात कोण काय बोललं ते आज एकालाही आठवत नाही, मला सुद्धा. वहीची हळहळ रोज होते. म्हणून तुमच्या घरात अजून जे आहे ते आधी सांभाळा, कार्यक्रमाचं नंतर बघू.

पहिली ती कीर्तनाची वही. प्रत्येक महाराजाची असती, अभंग, प्रमाणं, दृष्टांत, चालीच्या खुणा, समासात कुठल्या गावी कधी सांगितलं ते. तिला लॅमिनेशन करू नका बरं का, दुकानवाले म्हणतेत टिकतं म्हणून, पण त्यानं जुना कागद कायमचा खराब होतो, परत काढता येत नाही. नातीला सांगा दिवसाउजेडी ओसरीत बसून एकेका पानाचा सरळ वरून फोटो काढ, उन्हात नको अन् फ्लॅश नको, अन् पानाच्या क्रमानंच काढ. मग ते फोटो मोबाईलमधी अन् पेन ड्राईव्हवर, दोन्हीकडं ठेवा, अन् पेन ड्राईव्ह नांदेडच्या लेकीकडं (पत्राच्या कमी केलेल्या भागात तिचं आलंय) किंवा थोरल्याकडं, म्हणजे एका घरात काही झालं तरी दुसरीकडं राहील.

आवाजाचं बी तसंच. घरात जुन्या कॅसेटी असतील तर धूळ खाल्लेल्या टेपमधी लावून बघू नका, पट्टी अडकून तुटती, जिल्ह्याच्या ठिकाणी लग्नाचं शूटिंग करणारे जुने स्टुडिओवाले असतात, त्यातले काहीजण कॅसेटचं मोबाईलवर घेऊन देतात, विचारून बघा. अन् गावोगावच्या पोरांनी कीर्तनाचे व्हिडिओ काढलेले असतातच, धाकट्याला म्हणावं ज्या ज्या गावात सप्ता केला तिथल्या टाळकऱ्यांना, मृदंग वाजवणाऱ्यांना, विणेकऱ्यांना एक एक फोन कर, "बाबांचं काही असंल तर पाठवा". हे आत्ताच करा, लोकं मोबाईल बदलतात अन् जुन्यातलं सगळं जातं.

आता उधारीची वही, जिच्यावरून घरात तोंडं फिरलीत.

तुकोबांची गोष्ट मालकांनी सांगितलेली असणारच, की त्यांचं घर सावकारीचं अन् वाण्याचं, १६३० च्या दुष्काळात सगळं गेलं, बायको गेली, अन् मग त्यांनी लोकांकडच्या येण्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. थोरल्याच्या डोक्यात तेच असणार. पण गोष्टीतला एक भाग घाईत राहून जातो बघा. तुकोबांनी सगळे कागद बुडवले नाहीत. भाऊ कान्होबा म्हणाला माझा संसार आहे, तेव्हा त्याच्या वाट्याचे अर्धे कागद त्याला दिले अन् फक्त स्वतःच्या वाट्याचे नदीत सोडले. दुसऱ्याच्या वाट्यावर वैराग्य दाखवलं नाही. तुमच्या घरात कान्होबा म्हणजे धाकटा. सकाळी सातला शटर तो उघडतो, होलसेलवाल्याचं देणं त्याच्या डोक्यावर आहे, अन् स्टेजवरून माफीचा मान थोरल्याला अन् झळ धाकट्याला, हे मला पटत नाही, मी स्पष्टच सांगते. सून तोंडानं कडक असंल पण बोलली ते खरंय, माल आभाळातून येत नाही.

अन् कायद्यानं ही येणी काही एकट्या थोरल्याची नाहीत. मालकांनी मृत्युपत्र केलेलं नसंल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं बायको, मुलं, मुली सगळ्यांचा सारखा वाटा. म्हणजे पत्रात जी लेक म्हणालात नांदेडची, तिचा बी अन् तुमचा बी. चौघांनी बसून ठरवा. बसताना वही उघडून बसा, नुसत्या आकड्यावर भांडू नका. दुकानाच्या उधारीचा दावा माल दिल्यापासून साधारण ३ वर्षांच्या आत लावला तरच कोर्टात टिकतो, मधी लेखी कबुली दिलेली असंल किंवा थोडे पैसे भरून सही केलेली असंल तर मुदत वाढती. म्हणजे त्या एक लाख ऐंशी हजारातला बराच जुना पैसा तसाही येणार नाही. जुनं, जे लोक वारले त्यांचं, ज्यांच्या घरात कमावणारं कुणी उरलं नाही त्यांचं, हे सोडून द्या, अन् सोडलं हे ज्याला त्याला घरी जाऊन हळूच सांगा, किंवा सांगूच नका, फक्त मागू नका. चालू खाती धाकट्याकडं राहू द्या, सुगीत सोयाबीन विकलं की लोक आणून देतील तसं घेईल तो. स्टेजवरून मात्र एक शब्द नको. माफी जाहीर करायची म्हणजे कुणाकडं बाकी होती ते बी जाहीर होतं, नावं घेतली नाही तरी गावाला माहीत असतं, अन् ज्या माणसानं चाळीस वर्षं "मांडून ठेवतो, असू द्या" म्हणून कुणाची लाज जाऊ दिली नाही त्याच्याच वर्षश्राद्धाला ती घालवायची का?

वही मात्र जाळायची नाही, नदीत बी सोडायची नाही. हिशोब मिटला तरी वही ठेवा. अक्का, एकदा जुन्या वह्या चाळून बघा नातीबरोबर. २०१५ चं अन् १६ चं साल काढा, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं बघा मिरजेहून, त्या उन्हाळ्याची पानं कशी भरलीत ते बघा, अन् २०२० चा लॉकडाऊन लागला तेव्हाचा चैत्र वैशाख बघा, कोण काय नेत होतं, तेल किती रुपयाचं, गूळ किती. कुणाच्या नावापुढं त्यांनी काही खूण केली असंल, कुणाच्या नावावर काट मारली असंल अन् रक्कम जमा दिसत नसंल. तिथं थांबा. त्या काटा कशाच्या आहेत ते तुम्हाला माहीत असंल किंवा धाकट्याला. मला वाटतं माफी त्यांनी आधीच करून ठेवलीय, ज्याला द्यायची त्याला, गुपचूप. पुस्तिकेत हे लिहा, नाव न घेता.

कार्यक्रमाचं आता. फ्लेक्स एक लावा, दारात, कीर्तन किती वाजता ते कळण्यापुरता. वै. ह.भ.प., म्हणजे वैकुंठवासी हरिभक्तपरायण, एवढं लिहा, ते त्यांनी कमावलेलं आहे, बाकी विशेषणं काढा. मोठे कीर्तनकार आणण्याला माझी ना नाही, पण बिदागीचा आकडा ऐकून मग ठरवा, अन् कुणीही आले तरी मालकांच्या वहीतली चार पानं त्यांना महिनाभर आधी द्या अन् विनंती करा की महाराज, निरूपणाला यातलाच अभंग घ्या. खरा कीर्तनकार असंल तर त्याला आनंदच होईल. माझं मन विचाराल तर मालकांच्या मागं उभा राहून ज्यानं वीस वर्षं टाळ वाजवला त्यातल्याच कुणाला तरी उभं करा, त्याला चाली माहीत आहेत, कुठं मालक थांबायचे, कुठं आवाज चढवायचे, ते माहीत आहे. बाहेरचे महाराज संत सांगतील. हा माणूस तुमचे मालक सांगेल.

रात्री गल्ल्यापाशी बसता ते बसा. खुशाल बसा. नऊ महिने काहीच नाहीत. चाळीस वर्षं ज्या वेळेला ते शटर ओढून घरात यायचे, किंवा कीर्तनाला निघायचे, त्या वेळेला तुम्ही तिथं जाता, यात नावं ठेवण्यासारखं काय आहे? सुनेला धाक वाटत असंल, तिला बोलवा शेजारी, एक दिवस फक्त, अन् सांगा तिला सासरे कुठल्या बरणीला हात लावताना काय म्हणायचे. कदाचित ती बी बसंल. मात्र एक विचारते अन् खरं सांगा, जेवण जातं का, झोप लागती का? आपण कशाला उरलो असं सारखं मनात येत असंल, जेवण तुटलं असंल, तर लकव्याच्या गोळ्या ज्या डॉक्टरकडून घेता त्यांना ते सांगा, किंवा १४४१६ ला फोन करा, सरकारची टेलीमानस लाईन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्री सुद्धा लागतो. अन् दुःखात गोळ्या चुकवू नका, बीपीची तर अजिबात.

राहिलं तुमचं बोलणं. चौथी शिकले म्हणता, जनाबाईनं कोणती शाळा केली होती? नामदेवांनी ज्ञानेश्वरांच्या समाधीचे अभंग लिहिले ना, १२९६ ची ती वेळ, सगळे संत जमलेले, काळीज फाटायची वेळ, तिथं बी नामदेव सांगतात की समाधीची जागा साफ करायला कोण गेलं होतं, आपल्या चारी पोरांची नावं घेतात, नारा, विठा, गोंदा, महादा. एवढ्या मोठ्या प्रसंगात झाडलोट कुणी केली ते सांगावंसं वाटलं त्यांना. तुम्हाला बी तेवढंच करायचंय. मोठं काही आणू नका कुठून. लकवा कधी मारला, पहिली वेणी कशी आली, तुम्ही हसलात का रडलात, दोरा कोणत्या रंगाचा होता, केस ओढले गेले की ते काय म्हणायचे, अन् वेणी झाल्यावर दुकानाची किल्ली कुठल्या खिळ्यावरून काढायचे. पाच मिनिटं पुरं. रडू आलं तर थांबा, लोक थांबतील, सगळं गाव त्यांच्या दुकानातली साखर खाऊन मोठं झालंय.

उभं राहून बोलायचं नाही, खुर्ची मागा. भीती वाटत असंल तर आधी घरीच बोला, गल्ल्यापाशी बसूनच, नातीच्या मोबाईलमधी, अन् कार्यक्रमात नात ते वाचून दाखवंल किंवा तुमचाच आवाज लावंल माईकला. पुस्तिकेत बी हेच पहिल्या पानावर छापा, थोरल्याचं मागच्या पानावर जाऊ द्या, पण त्याला एक काम द्या: लकव्याच्या रात्री तो संभाजीनगरहून किती वाजता निघाला अन् दवाखान्याच्या पायरीवर बाप कसा बसला होता, ते त्यानं लिहावं. तेवढं त्यानं डोळ्यानं बघितलेलं असणार.

अन् नातीला सांगा, टाईप करताना आजीचा एक शब्द बदलू नको. तुम्ही मालक म्हणालात तर मालकच, लकवा म्हणालात तर लकवाच. छापायच्या आधी मला पाठवलं तर मी वाचीन, हात लावणार नाही.